हजेरी पूर्ण

आनंदराज भद्रे याला आयुष्यात दोनच गोष्टींचा गर्व होता, एक त्याचं अक्षर आणि दुसरं त्याचं हजेरीबुक. अक्षर खरंच सुंदर होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. हजेरीबुकाचं कौतुक मात्र तो इतक्या वेळा सांगायचा की ऐकणारा हळूच घड्याळाकडे बघू लागायचा. एकोणीस हंगाम, साठ नावं आणि एकही खाडाखोड नाही. लातूरच्या हेडऑफिसातून दरवर्षी होळीनंतर पत्र यायचं, ‘आपल्या युनिटची हजेरी सर्वांत स्वच्छ.’ ती एकोणीस पत्रं त्याच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली होती. त्याची बायको मनिषा म्हणायची, “त्या साठ बायाबाप्यांची नावं पाठ हायेत तुम्हाला. आपली धाकटी कोणत्या वर्गात हाय, ते सांगा बरं!” तो विचारात पडायचा आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची.

पण त्याला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याचा बाप मारोती याच भागातल्या एका जुन्या जिनिंगमध्ये पाठीवरून रुईच्या गाठी वाहायचा. जन्मभर तो दुसऱ्यानं लिहिलेल्या नावापुढं अंगठा उठवत राहिला. कधी कधी हप्त्याचे दोन दिवस कमी भरायचे आणि मारोती घरी येऊन म्हणायचा, “मी गेलो व्हतो रे, पण वहीत न्हाई म्हणतेत.” त्या बापाच्या पोरानं बी.कॉम. केलं आणि तीच वही हातात घेतली. वहीत जे आहे तेच खरं, हे त्याच्या हाडात मुरलं होतं ते तिथून.

उमरीच्या बाहेर, रेल्वे फाटकाच्या पलीकडे तो हजेरी लिहायचा ती जिनिंग. दिवाळी झाली की यंत्रं सुरू व्हायची आणि होळीच्या सुमारास बंद. त्या चार-साडेचार महिन्यांत कापूस यायचा, सरकी वेगळी व्हायची, रुई वेगळी व्हायची, गाठी बांधून ट्रक निघायचे. बाकीचे महिने अंगणात कुत्री झोपायची. असल्या हंगामी धंद्यात माणसं टिकवणं म्हणजे मुठीत पारा धरणं. बायांना स्वतःच्या शेतातला कापूस वेचायचा असतो, कुणाची सून बाळंत होते, कुणाच्या भाचीचं लग्न निघतं, कुणाचा माहूरचा नवस असतो. यंत्राला यातलं काही समजत नाही. प्रत्येक यंत्रापाशी एक बाई उभी पाहिजेच, नाहीतर ते यंत्र बंद.

आणि लातूरच्या ऑफिसचा नियम असा की दिवाळीला यादी एकदा गेली की गेली. साठ नावांचा विमा त्या यादीवर, फंडही त्या यादीवरच. मध्येच नवं नाव घालायचं तर आधारकार्ड, बँकेचं पासबुक, दोन फॉर्म आणि पंधरा दिवसांची वाट. पंधरा दिवस यंत्र कोण बंद ठेवणार? म्हणून आनंदराजनं फार वर्षांपूर्वी एक सोपी वाट काढली होती. नाव तेच, बाई दुसरी. सासूला जमेना तर सुनेनं यायचं, मोठीला जमेना तर धाकटीनं. हजेरी जुन्याच नावाची लागायची, पगार जुन्याच खात्यात पडायचा आणि घरातल्या घरात हिशेब व्हायचा. अशा बाईला सगळे ‘बदली’ म्हणायचे. यंत्र चालू राहायचं, चूल चालू राहायची आणि हजेरीबुकही स्वच्छ राहायचं. यात कुणाचं काय वाईट होतं? कुणाचंच नाही, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

अडचण यायची ती फक्त मालक आले की. वीरण्णा मालक लातूरला राहायचे आणि महिन्यातून एकदा गाडी घेऊन यायचे. यादीबाहेरचं माणूस आवारात दिसलं तर हजेरीवाल्याची नोकरी गेली, असं त्यांनी साफ सांगून ठेवलं होतं. त्यावरही वाट निघाली होती. मालकांची गाडी रेल्वे फाटकावरून वळली की आनंदराज खिडकीतून पेन वर करायचा. वॉचमन शंकरप्पा दोनदा घंटा द्यायचा आणि बदली बाया आपणहून मागच्या सरकीच्या गोदामात जाऊन बसायच्या. शंकरप्पा बाहेरून कडी लावायचा, कारण उघडं गोदाम दिसलं की मालक हटकून आत डोकावणार. चहा व्हायचा, मालक जायचे, कडी निघायची. बाया सरकीच्या ढिगावर अर्धा तास गप्पा मारून, अंगाला तेलकट वास घेऊन हसत बाहेर यायच्या. फुकटची सुट्टी म्हणायच्या त्याला.

यंदाच्या जानेवारीत गुणाबाई व्यंकट पुयड मोरीत घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. यादीत सतरावं नाव तिचं. अठरा हंगाम ती पहिल्या ओळीच्या तिसऱ्या यंत्रावर उभी राहिलेली. गाव जिनिंगच्या पाठीमागंच, मधे फक्त दोन शेतं. प्लास्टर घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती सुनेला घेऊन हजर झाली.

“बाबू, माझी जागा जाऊ देऊ नका. ही पुनम. लई चलाख हाय, बारावी झाली हाय.”

सून विशीची होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवरा शिवम हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर. तिनं रुमाल तोंडाला बांधला होता, डोळे तेवढे दिसत होते. ती टेबलाशी आली आणि आनंदराजनं पेन उचललेलं पाहून म्हणाली, “काका, नाव सांगू का?”

“नाव नको,” आनंदराज म्हणाला. “नाव आहे.”

ती गोंधळली. मग त्यानं तिला समजावलं की सतरा नंबरला गुणाबाई म्हटलं की तू ‘हाय’ म्हणायचं, बास. पुनमनं मान डोलावली. जाता जाता वळून तिनं विचारलं, “पुढल्या साली माझं बी लागंल का, काका? माझं स्वतःचं?” आनंदराज वहीतून डोकं वर न करता “बघू” म्हणाला. हे ‘बघू’ तो दिवसातून वीसदा म्हणायचा, त्याचा काही अर्थ नसायचा.

दुसऱ्या दिवशी हजेरीला ती चुकली. “गुणाबाई व्यंकट,” त्यानं पुकारलं आणि कुणीच बोलेना. सासूच्या नावाला ओ द्यायची, याची पोरीला सवय कुठून असणार? शेजारच्या यंत्रावरच्या चतुराबाईनं तिला कोपर मारलं, तेव्हा तिनं बारीक आवाजात “हाय” म्हटलं. बाया हसल्या. आनंदराज रागावला. हजेरीच्या वेळी तो कधी वर बघत नसे. खाली मान घालून नाव घ्यायचं, आवाज ऐकायचा आणि चौकटीत ‘ह’ लिहायचा. साठ आवाज त्याला पाठ होते आणि याचाही त्याला गर्व होताच. म्हणजे गर्वाच्या गोष्टी खरं तर तीन धरायला हव्यात.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, मालक येणार होते. ते एकटे येणार नव्हते. सोबत तोंड बघून हजेरी लावणारं मशीन आणणार होते. यंत्रासमोर तोंड धरायचं, यंत्र ओळखणार आणि हजेरी थेट लातूरला जाणार. आनंदराजला हे ऐकल्यापासून जेवण गोड लागत नव्हतं. “मशीनला काय कळते माणूस?” तो आठवडाभर मनिषाला सांगत होता. “मी एकोणीस साल आवाजावर ओळखून राहिलो.”

साडेदहाला गाडी वळली. आनंदराजनं खिडकीतून पेन वर केलं आणि कपाटातून ती पत्रांची पिशवी काढू लागला. मालकांना एकोणीसही पत्रं दाखवायची असं त्यानं ठरवलं होतं. त्या दिवशी बदली एकच होती. घंटा दोनदा वाजली आणि पुनम यंत्रावरून निघाली. तिचा मोबाईल इतरांसारखाच जिनिंगच्या फाटकावरच्या लाकडी पेटीत होता, आत न्यायला बंदी होती. शंकरप्पानं तिच्यामागं गोदामाचं दार ओढलं. “बस माय, चहा होईस्तोवर,” असं म्हणून त्यानं कडी लावली आणि तो मालकांच्या गाडीचं दार उघडायला पळाला.

आग कशी लागली, ते नेमकं कुणी पाहिलं नाही. कापसातून एखादा खडा यंत्रात जातो, पोलादावर घासतो, ठिणगी पडते. जिनिंगमध्ये दर हंगामाला एखादी अशी ठिणगी पडतेच आणि बादलीभर पाण्यानं विझते. या वेळची ठिणगी विझली नाही. ती हवेच्या पाईपातून मागच्या अंगणातल्या कापसाच्या गंजीपर्यंत गेली. मालकांच्या हातात चहाचा कप होता आणि आनंदराज सातवं पत्र वाचून दाखवत होता. तेवढ्यात चतुराबाईची किंकाळी आली. सगळे बाहेर धावले, तेव्हा गंजीचा एक कोपरा काळा होऊन धुमसत होता, आणि बघता बघता ती गंजी पेटली. कापूस पेटताना फार आवाज करत नाही. त्या शांतपणाचीच जास्त भीती वाटते.

वीज बंद केली गेली. यंत्रं थांबली. बाया पदर तोंडाला लावून फाटकाकडे पळत होत्या, हमाल ओरडत होते, कुणी बादल्या शोधत होतं. वाऱ्यानं धूर सगळा मागं, सरकीच्या गोदामाकडे वाहत होता. दहा मिनिटांत त्या बाजूचं काहीच दिसेना.

अशा वेळी आनंदराजच्या अंगात एकदम शिस्त संचारली. आग लागली तर सगळ्यांना फाटकाबाहेर घेऊन हजेरी घ्यायची, असं लातूरचं परिपत्रक होतं. ते भिंतीवर चिकटवलेलं होतं आणि आजवर कुणी वाचलं नव्हतं. त्यानं वाचलं होतं. हजेरीबुक काखेत मारून तो फाटकाबाहेरच्या लिंबाखाली उभा राहिला आणि त्यानं घसा ताणला. “सगळे इकडं या! नाव घेतो, ओ द्या!” पाठीमागच्या गावातून, रस्त्यावरून माणसं धावत येत होती, गर्दी झाली होती. तरी त्याच्या आवाजानं कामगार जवळ आले. त्यानं मान खाली घातली आणि नावं घ्यायला सुरुवात केली.

“हाय.” “हाय.” “हाय, बाबू.” कुणी रडत म्हणत होतं, कुणी खोकत. प्रत्येक ‘हाय’ला एक टिंब. सोळा झाले. “गुणाबाई व्यंकट!”

“हाय!”

टिंब पडलं. अठरा, एकोणीस, वीस. साठाव्या नावाला साठावं ‘हाय’ आलं, तेव्हा आनंदराजला हुंदकाच आवरेना. एकही माणूस आत राहिलं नव्हतं. मालक बाजूलाच उभे होते. तो त्यांना म्हणाला, “मालक, हजेरी पूर्ण. साठच्या साठ बाहेर.” वीरण्णा मालकांनी त्याचे दोन्ही हात धरले. “भद्रे, तुम्ही वाचवलंत,” ते म्हणाले. खरंच तसं म्हणाले. त्या क्षणी आनंदराजला आपला बाप आठवला आणि वाटलं, त्यानं हे बघायला पाहिजे होतं.

नगरपालिकेचा बंब आला. एकच बंब आणि त्यात एक टाकी पाणी. दुसरा भोकरहून निघाला होता, त्याला वेळ होता. बंबावरचा साहेब उडी मारून उतरला आणि त्यानं विचारलं, “आत माणूस?”

“नाही साहेब. हजेरी पूर्ण.”

“नक्की? त्या मागच्या गोदामात?”

“कुणी नाही. साठ माणसं, साठ बाहेर.” आनंदराजनं वही उघडून दाखवली. टिंबांची सरळ रेघ होती. साहेबानं ती बघितली.

“मग पाणी पुढं घ्या,” मालक म्हणाले. “गाठी वाचवा. सरकी जाऊ द्या.” पाण्याचा पाईप पुढच्या प्रेसच्या शेडकडे वळला. तिथं दोनशे गाठी होत्या. मागचं गोदाम धुरात बुडून गेलं होतं आणि तिकडं बघायचं कुणाला कारण उरलं नव्हतं.

पाच-सात मिनिटं गेली असतील. आनंदराजची बाही कुणीतरी ओढली. त्यानं वळून पाहिलं तर गुणाबाई होती. केस सुटलेले, पायात चप्पल नाही, उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्याला बांधलेला, डाव्या हातात मोबाईल. शेताच्या बांधावरून ती धावत आली होती, साडीला काटे लागले होते.

“बाबू, माझी पुनम कुठं हाय?”

आनंदराज तिच्याकडे बघतच राहिला. त्याला प्रश्नच समजला नाही. साठ माणसं होती आणि साठही बाहेर होती. त्यानं सवयीनं वहीत बघितलं. पुनम नावाचं कुणी वहीत नव्हतं.

“सगळे आलेत,” तो म्हणाला. “हजेरी झाली.”

“म्या सगळ्या बाया बघितल्या, बाबू. त्यात न्हाई ती. फोन लावून राहिले, उचलत न्हाई.” तिनं पुन्हा अंगठ्यानं नंबर दाबला. शंकरप्पानं पळताना ती मोबाईलची लाकडी पेटी उचलून बाहेर आणली होती आणि ती त्याच्या पायाशीच होती. त्या पेटीत एक फोन वाजू लागला.

आनंदराजची नजर सतराव्या ओळीवर गेली. गुणाबाई व्यंकट. चार दिवस त्या नावाला एक बारीक, बुजरा आवाज येत होता. आणि मघाशी, लिंबाखाली, भरदार, ओळखीचा, अठरा हंगाम ऐकलेला आवाज आला होता. इतका बरोबर आवाज की त्याला मान वर करावीशी वाटली नव्हती.

“गुणाबाई,” तो म्हणाला, आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना, “मघाशी हाय कुणी म्हटलं?”

“म्या,” गुणाबाई म्हणाली. “तुम्ही माझं नाव घेतलं की.”

कुणी खोटं बोललं नव्हतं. नाव तिचंच होतं, ती आलेली होती, तिला पुकारलं आणि तिनं ओ दिली. सुनेला शोधत गर्दीत घुसलेल्या त्या बाईच्या तोंडून अठरा वर्षांच्या सवयीनं तो शब्द गेला होता. चतुराबाईनं तो ऐकला आणि तिला वाटलं पुनम मागं उभी असेल. वही खरी होती. साठ नावं बाहेर होती आणि पोरगी आत होती.

आनंदराजनं शंकरप्पाकडे बघितलं.

“कडी?” आनंदराज म्हणाला.

“म्याच लावली व्हती,” शंकरप्पा म्हणाला. “पळताना ध्यानात आलं व्हतं, बाबू. पण तुम्ही म्हणलात पूर्ण. तुमची हजेरी पूर्ण म्हणल्यावर मला वाटलं, काढली आसंल कुणीतरी.”

यापुढचं आनंदराजला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. आपण ओरडलो, हे त्याला आठवतं, पण काय ओरडलो ते नाही. बंबावरच्या साहेबानं शिवी हासडून पाईप फिरवला. शंकरप्पा आणि तो धुरात शिरले, भिंत हातानं चाचपत. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, छातीत श्वास मावेना. दार सापडलं. कडी सापडली. ती तापून लाल नव्हती, साधी काळी दिसत होती, म्हणून त्यानं ती उजव्या हातानं सरळ धरली. तळव्याची कातडी कडीला चिकटली. तरी त्यानं ती ओढली. दार आत ढकललं तर पुरतं उघडेना. आतून काहीतरी दाराला लागून होतं.

ती दाराशीच होती. जळाली नव्हती, आग तिथपर्यंत पोचलीच नव्हती. नुसता धूर. रुमाल तोंडावर दोन्ही हातांनी दाबलेला आणि नखं तुटलेली. दाराच्या फळीवर आतून ओरखडे होते. बंबाच्या माणसानं तिला खांद्यावर टाकून बाहेर आणलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, जीव हाय, जीव हाय. बायांनी रडायला सुरुवात केली. सगळ्यांना आशा वाटली, आनंदराजलाही वाटली.

रुग्णवाहिकेत गुणाबाई आणि तो, दोघंच बसले. नांदेडपर्यंतचा रस्ता त्यानं हजारदा केला असेल. त्या दिवशी तो संपेना. गुणाबाई डाव्या हातानं सुनेचे पाय चोळत होती आणि सारखी तेच म्हणत होती, “उठ गं, उठ गं पुनम, शिवमचा फोन येईल आता.” तिला ऑक्सिजनचा मास्क लावणारा गाडीवरचा पोरगा आधी घाईघाईनं हात चालवत होता. मग त्याचे हात मंदावले. त्यानं आनंदराजकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. गुणाबाईला ते समजलं नाही, ती पाय चोळतच राहिली.

दवाखान्यात डॉक्टरनं पाच मिनिटंही घेतली नाहीत.

दुपारचे दोन वाजले होते. व्हरांड्यात ऊन होतं, केळेवाली गाडा लावून बसली होती, माणसं डबे घेऊन येत-जात होती. आनंदराजच्या हाताला कुणीतरी पांढरी पट्टी बांधली होती. हजेरीबुक काखेत होतं. ते कधी उचललं, धुरात कुठं होतं, गाडीत कसं आलं, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. गुणाबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. ती रडत नव्हती. नुसती समोर बघत होती.

मालकांचा फोन आला. “भद्रे, कळलं मला. फार वाईट झालं.” आवाज खरंच ओला होता. “एक विचारतो. ती पोरगी आपल्या हजेरीवर होती?”

“नव्हती, मालक.”

पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. मुद्दाम सोडलेला नव्हता, सुटला तो. “बरं. मग तसंच राहू द्या. पोलीस येतील, त्यांना सांगा, सासूला भेटायला आली होती, गोदामात कशी गेली ठाऊक नाही. आपली साठची हजेरी पूर्ण आहे ना? वहीत तर स्वच्छ आहे. घरच्यांना मी बघतो, हातात काहीतरी देऊ. पण तुम्ही वहीला हात लावू नका. समजलं ना?”

आनंदराज ‘बघू’ म्हणाला नाही. फोन कानाला लागलेलाच होता आणि त्याला वर्षानुवर्षांचं ते वाक्य ऐकू येत होतं. मी गेलो व्हतो रे, पण वहीत न्हाई म्हणतेत. त्याच्या बापाचे दोन दिवस कुणीतरी खाल्ले, तर त्याला जन्मभर राग होता. त्यानं तर अख्खी पोरगी वहीबाहेर ठेवली होती. त्याला स्वतःची किळस आली. त्यानं फोन बंद केला आणि गुणाबाईशेजारी जमिनीवर बसला.

“बाबू,” गुणाबाई समोर बघतच म्हणाली, “तुम्ही नाव घेतलं तवा म्या गप बसले असते तर?”

त्यानं काखेतली वही मांडीवर घेतली.

“तर तुम्ही इचारलं असतं. गुणाबाई कुठं हाय म्हणून. धुंडलं असतं. न्हाई का?”

“चूक तुमची न्हाई, गुणाबाई,” तो म्हणाला. “नाव तुमचंच व्हतं. दुसऱ्याच्या नावावर तिला मी उभं केलं. ती सांगून राहिली व्हती नाव, मीच नको म्हणलं.”

गुणाबाईनं डोळे मिटले. तिनं त्याला दोष दिला नाही की माफही केलं नाही. तिच्या पदराच्या गाठीत पेटीतून घेतलेला पुनमचा मोबाईल होता. तो परत वाजला, वाजून वाजून बंद झाला. हैदराबादहून शिवम लावत होता. उचलायची दोघांचीही हिंमत झाली नाही.

आनंदराजनं वही मांडीवर उघडली. साठ ओळी. खाली एक मोकळी ओळ होती, एकोणीस वर्षांत ती कधी लागली नव्हती.

“पोरीचं पूर्ण नाव सांगा,” तो म्हणाला.

“आता कामून, बाबू?”

“लिहायचं हाय.”

तिनं वहीतल्या त्या मोकळ्या ओळीकडं बघितलं. मग म्हणाली, “पुनम शिवम पुयड.”

पट्टीतल्या बोटांत पेन राहीना. त्यानं ते दोन बोटांच्या बेचक्यात धरलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पहिलीतल्या पोराचं असतं तसं, आणि शाईही पसरली. एकसष्ट. पुनम शिवम पुयड. मग त्यानं सोमवारची, मंगळवारची, बुधवारची चौकट भरली, ‘ह’, ‘ह’, ‘ह’. ती आली तो पहिला दिवस रविवार होता, तोही भरला. सतराव्या ओळीतल्या गुणाबाईच्या चार दिवसांवर त्यानं आडवी रेघ मारली. आजच्या ‘ह’वर आणि टिंबावरही मारली. शेजारी लिहिलं, ‘या नावावर पुनम काम करत होती. मी करवून घेतलं.’ आणि खाली सही केली. या सहीनं नोकरी जाणार, पोलीस नेतील, मनिषाला काय सांगायचं, हे सगळं त्याला दिसत होतं. तरी पेन थांबलं नाही. थांबलं ते एकाच ठिकाणी, एकसष्टाव्या ओळीत, गुरुवारच्या चौकटीशी.

गुणाबाईला वाचता येत नव्हतं. पण अठरा हंगाम तिनं ती वही टेबलाच्या पलीकडून बघितली होती. कुठली चौकट रिकामी आहे, ते तिला बरोबर समजलं.

“आज बी गेली व्हती की ती, बाबू,” ती म्हणाली. “न जेवता गेली.”

त्यानं ‘ह’ लिहिला.

लिहून झालं की नाव एकदा मोठ्यानं वाचायचं, ही त्याची जुनी सवय होती. “पुनम शिवम पुयड,” तो म्हणाला. गुणाबाईनं डाव्या हातानं पदराचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. केळेवालीनं एकदा वळून त्यांच्याकडे बघितलं. आनंदराजनं मान वर केली आणि तो व्हरांड्याच्या दाराकडे बघत बसून राहिला.